शत्रू दिसण्याआधीच मृत्यू: महायुद्धातले बॉम्बर उड्डाणातच का कोसळत?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोसळलं. तेव्हापासून उड्डाणाची पहिली दोन मिनिटं एवढी नाजूक का असतात, हा प्रश्न चहाच्या टपरीवरही निघू लागला. त्या अपघाताची कारणं इथे उगाळायची नाहीत. पण या प्रश्नाचं सगळ्यात उघडंवाघडं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांच्या नोंदींत सापडतं.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १ लाख २५ हजार जणांनी विमानात बसून काम केलं. त्यांतले ५५,५७३ जण मेले. हा आकडा वाचला की डोळ्यांपुढे जर्मनीवरचं आकाश, सर्चलाइट आणि विमानवेधी तोफा येतात, आणि बहुतेक मृत्यू तसेच झालेही. पण आठ हजारांहून जास्त माणसं सराव आणि अपघातांत गेली. शिवाय मोहिमेवर निघालेली काही विमानं स्वतःच्याच तळाची कुंपणभिंतही ओलांडू शकली नाहीत. अशा मृत्यूची नोंद दोन-तीन ओळींत संपते: उड्डाण करताना विमान भरकटलं, कोसळलं, पेटलं, सातही जण ठार.

आजोबांविषयी किंवा पणजोबांविषयी एवढंच हाती लागलं की घरच्यांचा गोंधळ होतो. हा काय निव्वळ अपघात? मग युद्धात मेला असं म्हणायचं की नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सुरक्षिततेसाठी हाताशी ठेवायची ती सगळी शिल्लक बॉम्ब आणि पेट्रोलवर जाणूनबुजून खर्च केली होती. अमुक रात्री अमुकच विमान पडेल हे कोणी ठरवलं नव्हतं. काही विमानं पडतील, हे मात्र गृहीत धरलेलं होतं.

आधी साधा हिशोब

विमानाला जमिनीवरून उचलतो तो पंखांवरून वाहणारा वारा. वेग दुप्पट झाला की उचलण्याची ताकद चौपट होते. म्हणजे जास्त वजन उचलायचं तर जास्त वेग हवा, जास्त वेगासाठी लांब धावपट्टी हवी. त्यात वजन वाढल्यावर तेच इंजिन विमानाला आधीपेक्षा सावकाश वेग देतं. असा फटका दोन्हीकडून बसतो. छोट्या विमानांच्या वैमानिकांना शिकवला जाणारा ठोकताळा असा: वजन १० टक्क्यांनी वाढलं, तर हवेत जायला लागणारं अंतर साधारण २० टक्क्यांनी वाढतं.

आता लँकेस्टर घ्या. चार मर्लिन इंजिनांचं, सात माणसांचं, ब्रिटिशांचं सगळ्यात नावाजलेलं रात्रीचं बॉम्बर. रिकामं असताना साधारण १७ टन. पूर्ण भरल्यावर ३० टनांच्या आसपास. मधले तेरा टन म्हणजे मुख्यतः पेट्रोल आणि बॉम्ब. टाक्यांत सुमारे ९,८०० लिटर पेट्रोल मावायचं, त्याचंच वजन सात टन. वरच्याच हिशोबाने पाहिलं तर भरलेल्या लँकेस्टरला रिकाम्याच्या तिप्पट अंतर धावावं लागणार. धावपट्टी मात्र तीच. बॉम्बर तळांची ठरलेली मुख्य धावपट्टी २,००० यार्डांची, म्हणजे सुमारे १,८३० मीटर होती.

भरलेलं लँकेस्टर ताशी १७० किलोमीटरच्या आसपास जमीन सोडायचं. त्या वेगाला सेकंदाला ४७ मीटर मागे पडतात. शेवटचे ५०० मीटर उरले म्हणजे हाताशी जेमतेम दहा-अकरा सेकंद.

मग वजन कमी का नाही ठेवलं?

पहिली शंका हीच येते, आणि ती बरोबरच आहे. पण वरिष्ठांच्या टेबलावरून हे गणित वेगळं दिसत होतं. एका माणसाची एक पाळी ३० मोहिमांची असे. प्रत्येक मोहिमेत शत्रूच्या प्रदेशावरून जाताना काही विमानं हमखास पडत. प्रत्येक विमानाने एक टन कमी नेला, तर तेवढेच बॉम्ब टाकायला जास्त विमानं किंवा जास्त रात्री लागणार, म्हणजे जर्मन तोफांसमोर जास्त फेऱ्या. त्यामानाने उड्डाणात अधूनमधून एखादं विमान गमावणं त्यांना स्वस्त वाटे. निष्ठुर आहे, पण बेरीज-वजाबाकी चुकीची नव्हती. फक्त ती मांडणाऱ्याला धावपट्टीच्या त्या टोकाला बसायचं नव्हतं.

पेट्रोल आणि बॉम्ब यांच्यात वाटणीही असे. लांबचं लक्ष्य असेल तर पेट्रोल जास्त, बॉम्ब कमी. म्हणून दुपारी टाक्यांत किती गॅलन भरताहेत हे कळलं, की कुठे जायचंय याचा अंदाज तळावरचे लोक अधिकृत माहिती मिळण्याआधीच बांधत. वाटणी कशीही झाली तरी एकूण वजन मर्यादेला टेकलेलंच राही.

पण विमान सरळ धावेना, ते का?

ज्याला ‘स्विंग’ म्हणत ती ही गोष्ट: धावताना विमानाचं नाक आपोआप एका बाजूला ओढलं जाणं. लँकेस्टरचे चारही प्रोपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत. त्यांनी मागे फेकलेला वारा सरळ न जाता पिळा घालत शेपटीवर आदळे. फिरण्याच्या प्रतिक्रियेने डाव्या चाकावर जास्त भार येई. लँकेस्टरचं तिसरं चाक शेपटीखाली असल्यामुळे धावताना शेपटी उचलावी लागे, आणि त्या क्षणी वेगाने फिरणारे जड प्रोपेलर भोवऱ्याच्या नियमाने नाक पुन्हा डावीकडेच वळवत. सगळे जोर एकाच दिशेला.

यावर उपाय रडर, म्हणजे शेपटीवरची उभी, हलणारी फळी. पण रडरवर वारा जोरात आदळला तरच ते काम करतं. उसाच्या दोन ट्रॉल्या गच्च भरलेला ट्रॅक्टर चढावर लागला की पुढची चाकं उचलली जातात. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, पण चाक रस्त्याला टेकलेलंच नाही, तर वळणार काय! कमी वेगातलं रडर हे असं. आणि ट्रॉलीत एवढा ऊस का भरला, याचं कारणही तेच आहे: खेपा कमी व्हाव्यात म्हणून.

म्हणून लँकेस्टरचा वैमानिक सुरुवातीला रडरवर विसंबत नसे. डावीकडच्या बाहेरच्या इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे ताकद वाढवायची दांडी, इतरांच्या जरा पुढे ठेवून तो नाक सरळ धरून ठेवी. शेपटी उचलली, रडरला वारा लागला की शेजारचा फ्लाइट इंजिनिअर चारही थ्रॉटल पुढे ढकलून हाताने दाबून धरी, थरथरीने मागे सरकू नयेत म्हणून. यात क्षणाचा उशीर झाला किंवा आडवा वारा आला, तर विमान डावीकडे वळे. वैमानिकाने जोरात उलटं वळवलं की वाकडा भार एका चाकावर येऊन ते मोडे, पंख जमिनीला घासे आणि टाकी फुटे. पुढचं सांगायला नको.

चार इंजिनं होती ना? एक बंद पडलं तर तीन उरतात!

हवेत उंचावर हे खरं आहे. तीन इंजिनांवर, कधी दोनवरही, लँकेस्टर जर्मनीहून घरी परतली आहेत. पण तेव्हा बॉम्ब टाकून झालेले असत, निम्मं पेट्रोल जळालेलं असे आणि पायाखाली काही हजार फूट उंची असे. उड्डाणात यातलं एकही नसतं.

शिवाय बाहेरचं इंजिन बंद पडलं की एका बाजूचा जोर कमी होऊन विमान त्या बाजूला फिरतं. ते रडरने सावरायला एक किमान वेग लागतो. जमीन सोडण्याचा वेग आणि हा सावरण्याचा वेग यांत भरलेल्या बॉम्बरच्या बाबतीत बरंच अंतर असे. मधल्या काही सेकंदांत विमान उडत तर असे, पण एका इंजिनाने दगा दिला तर ते वाचवण्याचा मार्ग वैमानिकाकडे नसे. समोर उरलेली धावपट्टी थांबायला अपुरी, आणि वेग चढायला अपुरा.

आजच्या प्रवासी विमानांना नेमकी हीच फट ठेवायला मनाई आहे. दर उड्डाणाआधी एक निर्णयाचा वेग काढतात. त्याच्या आत बिघाड झाला तर उरलेल्या पट्टीत थांबता आलंच पाहिजे, त्यानंतर झाला तर एक इंजिन कमी असतानाही वर चढता आलंच पाहिजे. हिशोब बसत नसेल तर सामान उतरवतात. युद्धातले बॉम्बर सामान उतरवत नसत.

सोडल्याशिवाय बॉम्ब फुटत नाहीत, मग स्फोट कसे व्हायचे?

बॉम्ब फोडणारी कळ, म्हणजे फ्यूज, विमानात असताना पिन किंवा तार लावून बंद ठेवलेली असे. बॉम्ब खाली पडू लागला की तार निघे, छोटा पंखा वाऱ्याने फिरे आणि मग कळ जिवंत होई. कागदावर हे पक्कं होतं. पण स्फोटकाला कळ लागतेच असं नाही. पेट्रोलच्या आगीत काही मिनिटं भाजलं तरी ते फुटतं. ब्रिटिशांचा ४,००० पौंडी ‘कुकी’ तर पातळ पत्र्याच्या पिंपासारखा, वजनाचा तीन-चतुर्थांश भाग निव्वळ स्फोटक. त्याच्या बाबतीत नुसत्या आदळण्याचीही धास्ती असे. जळत्या विमानाकडे बचावासाठी धावणाऱ्यांपुढचा पेच यातून येतो: आत माणूस जिवंत असेल तर जायला हवं, आणि केव्हा स्फोट होईल याची खात्री नाही.

या भीतीचा सगळ्यात मोठा पुरावा हिरोशिमाच्या मोहिमेत आहे. ‘लिटल बॉय’ या अणुबॉम्बची रचना तोफेसारखी होती. कॉर्डाइट दारूच्या स्फोटाने युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर डागायचा. म्हणजे विमान उड्डाणात कोसळून ती दारू पेटली असती, तर जिथून ते निघणार होतं त्या पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच अणुस्फोट होण्याचा धोका होता. बॉम्बची जबाबदारी असलेले नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स यांनी टिनियनवर बी-२९ ही अमेरिकेची अवजड बॉम्बर विमानं उड्डाणातच कोसळून जळताना पाहिली होती. त्यांनी ठरवलं की दारू हवेत गेल्यावर भरायची. ६ ऑगस्ट १९४५ ला पहाटे पावणेतीनला बॉम्ब घेऊन ‘एनोला गे’ नावाचं बी-२९ निघालं. वजन एवढं होतं की वैमानिक पॉल टिबेट्स यांनी जवळजवळ संपूर्ण धावपट्टी वापरली. टिनियनच्या धावपट्ट्या ८,५०० फुटांच्या होत्या, तरीही. उड्डाणानंतर पार्सन्स आणि त्यांचे सहायक मॉरिस जेपसन बॉम्बच्या कप्प्यात उतरले आणि अरुंद जागेत उभं राहून त्यांनी दारूच्या पिशव्या भरल्या. अमेरिकेकडे त्या घडीला असलेलं सगळ्यात महागडं शस्त्र, आणि तरी उड्डाण सुखरूप होईल यावर त्याच्या रखवालदाराने पैज लावली नाही.

पाच वर्षांनी, कोरियन युद्ध सुरू असताना, ती भीती अर्धी खरी झाली. ५ ऑगस्ट १९५० ला कॅलिफोर्नियाच्या फेअरफिल्ड-सुइसन तळावरून निघालेल्या बी-२९ चा एक प्रोपेलर बेकाबू झाला, चाकं आत घेता येईनात, आणि परत वळताना विमान पडलं. त्यात अणुबॉम्ब होता, पण त्याचा किरणोत्सारी गाभा बसवलेला नव्हता. आगीत बॉम्बमधली साधी स्फोटकं उडाली आणि मदतीला धावलेलेही त्यात गेले. एकूण १९ मृत. त्यांत ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट ट्रॅव्हिस होते, त्या तळाला आज त्यांचंच नाव आहे.

भारताचा यात काय संबंध?

बी-२९ ची पहिली लढाऊ मोहीम भारतातून निघाली, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. खरगपूर, चाकुलिया, दुधकुंडी, पियारडोबा या बंगाल-बिहारच्या पट्ट्यातल्या तळांवरून ५ जून १९४४ रोजी ९८ विमानं बँकॉककडे उडाली. त्यांतलं एक उड्डाणातच कोसळलं. म्हणजे या नव्या बॉम्बरचा लढाऊ मोहिमेतला पहिला बळी कोणत्याही जपानी गोळीशिवाय गेला.

कारणांत बंगालचा उन्हाळा येतोच. तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी, प्रोपेलरला पकड कमी, इंजिनाला ताकद कमी. छोट्या विमानांच्याच ठोकताळ्याने दर १० अंश सेल्सिअसमागे उड्डाणाचं अंतर साधारण १० टक्क्यांनी वाढतं. त्यात बी-२९ ची राइट इंजिनं घाईघाईने वापरात आणलेली, तापट. त्यांच्या सांगाड्यात मॅग्नेशियमचा वापर, जे एकदा पेटलं की विझवणं कठीण. इंजिन जमिनीवर फार वेळ चालू ठेवणंही धोक्याचं होतं. आणि ही विमानं चीनमधल्या चेंगडूजवळच्या तळांसाठीचं पेट्रोलही स्वतःच हिमालयापलीकडे वाहून नेत. जपानवर एक हल्ला करायचा तर आधी अशा अनेक फेऱ्या. प्रत्येक फेरीत भरलेल्या विमानाचं एक उड्डाण.

फक्त विमानातलेच मरत?

नाही. ७ सप्टेंबर १९४३ च्या पहाटे न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीला जॅक्सन धावपट्टीवरून एक अमेरिकी लिबरेटर बॉम्बर उडालं. पट्टीच्या टोकापलीकडे ट्रकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या २/३३ व्या बटालियनचे सैनिक बसले होते. त्यांना विमानाने आघाडीवर जायचं होतं. लिबरेटरने झाडाला धडक दिली आणि ते ट्रकवर पडलं. पेट्रोल पेटलं, बॉम्ब फुटले. विमानातले अकराही जण मेले. ट्रकमधले आणि भोवतालचे मिळून ६२ ऑस्ट्रेलियन सैनिक त्या क्षणी किंवा पुढच्या दिवसांत दगावले. ज्या लढाईला ते निघाले होते तीही त्यांनी पाहिली नाही.

शेवटी चूक वैमानिकाचीच ना?

चौकशीच्या कागदांत बऱ्याचदा तसंच लिहिलेलं सापडतं: स्विंग सावरता आली नाही, वेग येण्याआधी विमान उचललं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नसतं. पण ज्याच्या हातून चूक झाली तो विशीतला मुलगा, त्याला दोन-तीनशे तासांचा अनुभव असला तरी पुष्कळ. रात्र, कमीत कमी दिवे, मागे रांगेत उभी विमानं, तळाच्या कडेच्या गाडीतून हिरवा दिवा दिसला की निघायचं. ब्रिटिश बॉम्बरमध्ये १९४२ पासून दुसरा वैमानिकही ठेवला जात नव्हता, माणसं पुरत नव्हती म्हणून. एवढ्या घट्ट गणितात चुकीला जागाच ठेवली नसेल, तर चूक होताच माणूस मरणार. दोष कोणाचा, हे मग फक्त नोंदवहीपुरतं उरतं.

मग तो युद्धात मेला असं म्हणायचं का?

सरकारी भाषेत प्रकार वेगवेगळे आहेत: शत्रूशी लढताना ठार, सेवेत असताना ठार, वगैरे. मोहिमेवर निघालेल्या विमानाचा अपघात आणि सरावातला अपघात यांची कागदपत्रं निराळी होतात. पण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग समाधी देताना हा भेद करत नाही. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मेलेला प्रत्येक जण त्यांच्या यादीत येतो, मग कारण तोफ असो, अपघात असो वा आजार. हुद्दा पाहून समाधी लहानमोठी होत नाही. पुण्याच्या खडकीतली युद्धस्मशानभूमीही याच आयोगाकडे आहे.

एक फरक मात्र कुटुंबांना जाणवतो. समुद्रात किंवा शत्रूच्या प्रदेशात हरवलेल्या वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांना समाधीच नाही. लंडनजवळच्या रनिमीड स्मारकावर फक्त त्यांची नावं कोरली आहेत. उड्डाणात मेलेल्याला बहुधा समाधी असते, तळाजवळच्या एखाद्या चर्चच्या आवारात किंवा, ब्रिटिश असेल तर, त्याच्या गावी.

अशी नोंद हाती लागली तर कशी वाचायची?

आधी तारीख आणि समाधीची जागा पाहावी. समाधी ब्रिटनमध्ये असेल आणि त्याच रात्री त्याच्या स्क्वाड्रनची मोहीम असेल, तर विमान जाताना किंवा परतताना पडलं असण्याची शक्यता मोठी. कोणतं, ते वेळेवरून कळतं. स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या क्रमांकाखाली आहेत. त्यांत प्रत्येक विमानाची निघण्याची वेळ, माणसांची नावं आणि मोहिमेचा निकाल असतो. ब्रिटिश हवाई दलाची अपघातपत्रकं फॉर्म ११८० या नावाने ओळखली जातात. त्यांत कारणाचे एक-दोन शब्द मिळतात: स्विंग, इंजिन बंद, चाक फुटलं. कारणाच्या रकान्यात वैमानिकाचं नाव दिसलं, तर स्क्वाड्रनच्या नोंदवहीत त्या रात्री इतर विमानांनी किती बॉम्ब नेले तेही शोधावं. पडलेल्या विमानाच्या पोटात किती भार होता, याचा अंदाज त्यावरून येतो.